शाळा सुटते, डोकं सुटत नाही

एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा सारांश देते.

वय ४२. जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत नोकरी. पहिली ते चौथी मिळून २९ मुलं. घर तालुक्याच्या गावी, शाळा तिथून १८ किलोमीटर, जाणं-येणं स्कूटीवर. घरी नवरा, दहावीतला मुलगा आणि गुडघ्यांनी जेरीला आलेल्या सासूबाई. मोबाईलवर कामाचे ११ व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. ‘अत्यंत तातडीचे’, ‘फोटोसह’, ‘आजच ५ वाजेपर्यंत’ असे निरोप रात्री साडेनऊपर्यंत येत राहतात. वर्षभरात चिडचिड वाढली आहे. रात्री तीनला जाग येते. महिन्यात तीनदा दूध उतू गेलं आणि एकदा वर्गातल्या मुलाला हाक मारताना त्याचं नावच आठवेना. चार हजार रुपये भरून ‘२१ दिवसांत मेंदू घडवा’ अशी ऑनलाइन कार्यशाळा केली. पहाटे पावणेपाचला उठायचं, गार पाण्यानं आंघोळ, २० मिनिटं ध्यान, तीन पानं रोजनिशी. चारदा सुरू केलं, चारदा मोडलं. सगळ्यात जास्त टिकलं ते ९ दिवस, मग सासूबाई दवाखान्यात. ‘माझ्या आईनं रोजगाराला जाऊन आम्हा चार भावंडांना वाढवलं. तिच्या तोंडी टेन्शन हा शब्द कधी ऐकला नाही. माझंच मन कच्चं आहे का? या वयात मेंदूला वळण लागतं का? कधी कधी वाटतं, शाळेच्या फाट्यावर न वळता गाडी तशीच पुढे न्यावी.’

बाई,

वर्गातली मुलं तुम्हाला बाईच म्हणत असणार, म्हणून मीही तेच म्हणते.

आधी ते शेवटचं वाक्य. गाडी पुढे न्यावी म्हणजे एक दिवस दांडी मारून कुठेतरी झाडाखाली बसावं, असं वाटत असेल, तर ते मलाही महिन्यातून एकदा वाटतं. पण त्या वाक्याच्या पोटात ‘आता जगायलाच नको’ असं काही दडलेलं असेल, तर पुढचं सगळं बाजूला ठेवा, घरातल्या एका माणसाला आजच सांगा आणि १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली सरकारची टेलि-मानस सेवा आहे. पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्री चालते, मराठीत बोलता येतं. तुम्हाला गरज नसेल तरी नंबर सहशिक्षकाला देऊन ठेवा.

आता हिशेब मांडू. तुम्ही लिहिलंय की ओटा आवरून, मुलाचा अभ्यास बघून पाठ टेकायला साडेअकरा होतात. पावणेपाचचा गजर म्हणजे झोप झाली सव्वापाच तासांची, तीही मध्ये तीनला मोडलेली. मोठ्या माणसाला किमान सात तास झोप लागते. म्हणजे ताण सोसण्याची ताकद यावी म्हणून तुम्ही जो उपाय केलात, त्यानंच तुमची झोप गरजेपेक्षा पावणेदोन तास कमी करून ठेवली. चिडचिड वाढेल नाही तर काय होईल? कार्यशाळेतल्या कुणी तुम्हाला ‘झोपता किती वाजता?’ हे विचारलं होतं का? पत्रात तसा उल्लेख नाही.

आणि हे २१ दिवस आले कुठून? मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचे एक अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते. नाक सरळ केलेल्या माणसाला आरशातल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान एकवीसेक दिवस लागतात, असं निरीक्षण त्यांनी १९६० साली लिहिलं. पुढे कानोकानी जाताना त्यातला ‘किमान’ गळाला, नाकाचा विषयही गळाला आणि उरला तो नियम. सवय लागायला खरंच किती दिवस लागतात, हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर पाहिलं. तो अभ्यास २०१० मध्ये छापून आला. जेवणाबरोबर पाणी पिणं, संध्याकाळी पळायला जाणं अशा साध्या सवयी होत्या. निम्म्या लोकांना ६६ दिवस किंवा त्याहून जास्त लागतील असं दिसलं. कुणाला १८ पुरले, तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. त्यांना आणखी एक गोष्ट आढळली आणि ती तुमच्या कामाची आहे. एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसं काही बिघडत नाही. तुम्ही मात्र नवव्या दिवशी सासूबाईंच्या खाटेशी बसलात आणि दहाव्या दिवशी स्वतःला नापास केलंत. पहिलीतलं पोर आठवडाभर गोवर निघून घरी राहिलं, तर तुम्ही त्याला मुळाक्षरं पुन्हा ‘क’पासून गिरवायला लावता का?

आईबद्दल जरा सावकाश लिहिते, कारण तुमच्या पत्रातला सगळ्यात खोल काटा तोच आहे असं मला वाटतं.

टेन्शन हा शब्द त्यांच्या तोंडी नसेल. ‘घोर लागलाय’ हा होता का? ‘जीव उडालाय’, ‘डोकं उठलंय’, ‘आज काय गोड लागत नाही’ असं काही? कपाळाला फडकं गच्च बांधून भिंतीकडे तोंड करून पडलेली आई तुम्ही पाहिली आहे का? आपल्याकडच्या कष्टकरी बायकांच्या मनातलं दुःख बऱ्याचदा डोकेदुखी, अंगदुखी, पोटात कालवणं अशा वाटेनंच बाहेर यायचं. त्यांचा ताण तुमच्यापेक्षा कमी होता असं मी मुळीच म्हणणार नाही. दोन वेळच्या भाकरीचा घोर हा केंद्रप्रमुखांच्या मेसेजपेक्षा मोठाच. फक्त त्याची घडण निराळी होती. खुरपणी सुरू व्हायची आणि संपायची. दिवस मावळला की मुकादम रानातलं काम सांगू शकत नव्हता. डोक्यावर गवताचा भारा घेऊन दोन मैल चालत येताना शरीर थकायचं आणि डोकं रिकामं व्हायचं. सोबत चार बायका, त्यांची बडबड. मी त्या दिवसांचं कौतुक करत नाही, तुमच्या आईला विचारलंत तर त्या तुमची नोकरी आनंदानं घेतील. सांगायचं इतकंच, की आईच्या मनाशी तुमच्या मनाची तुलना करताना तुम्ही दोन वेगवेगळ्या विषयांचे पेपर एकाच उत्तरसूचीवरून तपासताय.

यातूनच मुद्दा निघतो. शाळेची घंटा आठवा. तास बदलला की एक-दोन टोले. शाळा सुटली की सलग टणटणटण, आणि पोरं दप्तरं सावरत धूम पळतात. आपल्या शरीरातही अशा दोन घंटा आहेत. काही अंगावर आलं की मज्जातंतूंवाटे क्षणात निरोप जाऊन छाती धडधडते. मागोमाग मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून पिट्युटरी ग्रंथीला आणि तिथून मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना निरोप जातो, कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक सुटतं, साखर रक्तात येते. ही शाळा भरल्याची घंटा. ती वाईट नाही, तिच्याविना तुम्ही वळणावर समोरून आलेल्या एसटीला बघून ब्रेकही दाबला नसता. धोका टळला की हे सगळं ओसरायला हवं. ती सुटल्याची घंटा. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातले ब्रूस मॅक्युएन यांनी आयुष्यभर याचाच अभ्यास केला. शरीर झिजतं ते ताण आल्यामुळे तेवढं नाही. तो वारंवार येत राहिला आणि ओसरायला वेळच मिळाला नाही की झीज सुरू होते, असं त्यांनी १९९० च्या दशकात मांडलं. तुमच्याकडे भरल्याची घंटा दिवसातून साठ वेळा वाजते, मोबाईलच्या टुणटुणाटानं. सुटल्याची एकदाही वाजत नाही.

विसरण्याचं कोडंही इथेच सुटतं. दूध तुम्ही विसरला नाहीत, ते डोक्यात नोंदलंच गेलं नव्हतं. गॅस लावताना हातात फोन होता ना? (पत्रात लिहिलं नाहीत, पण माझ्या घरी तरी दूध असंच जातं.) सोफी लरॉय या संशोधक बाईंनी २००९ मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग पहिल्याच कामाला चिकटून राहतो. पोषण आहाराची आकडेवारी भरता भरता दूध, दुधावरून मुलाची वही, वहीवरून पुन्हा ग्रुप. प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं लक्ष सांडत जातं, शेवटी पातेल्यात काहीच उरत नाही. शिवाय खूप ताणात असताना कपाळामागचा, विचार जुळवणारा भाग मंदावतो आणि ओठांवरचं नावही निसटतं. हा मेंदू बिघडल्याचा पुरावा नव्हे. तरीही बेचाळिशीत हे सगळं मनावर ढकलून मोकळं होऊ नका. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि साखर तपासून घ्या, पाळीत काही बदल झालाय का हे डॉक्टरांना सांगा. पाळी जाण्याच्या आधीच्या वर्षांत झोप मोडते, चिडचिड होते, आणि आपल्याकडे ते कुणी बाईला सांगतही नाही. चार हजारांतले थोडे पैसे या तपासण्यांवर गेले असते तर बरं झालं असतं.

या वयात मेंदूला वळण लागतं का, या प्रश्नाला लंडनच्या टॅक्सीवाल्यांनी छान उत्तर दिलंय. तिथे परवाना हवा तर शहरातले सुमारे २५ हजार रस्ते तोंडपाठ करावे लागतात, त्यात तीन-चार वर्षं जातात. एलिनॉर मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकाऊ चालकांचे मेंदू आधी आणि नंतर तपासले. परीक्षा पास झालेल्यांमध्ये हिप्पोकॅम्पस या स्मरणाशी निगडित भागाचा मागचा हिस्सा वाढलेला दिसला, नापास झालेल्यांमध्ये नाही. हे २०११ सालचं काम. चालक सगळे मोठी माणसं होती. म्हणजे वळण लागतं. पण ते रोजच्या रस्त्यावर, रोजच्या कामातून, वर्षांच्या हिशेबानं. आणि कुणी ‘आठ आठवडे ध्यान करा, मेंदूच्या पेशी वाढतील’ असं विकत असेल तर खिसा सांभाळा. २०११ मध्ये तसा एक छोटा अभ्यास गाजला होता, पण २०२२ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठानं बऱ्याच जास्त लोकांवर तो पडताळून पाहिला तेव्हा मेंदूच्या रचनेत तसा फरक सापडला नाही. ध्यानानं अनेकांना शांत वाटतं, ते खरंच आहे. तुम्हाला आवडत असेल तर करा, रविवारी दुपारी करा. पहाटेची झोप मोडून नको.

मग काय करायचं? तुमच्या दिवसात नवीन काही कोंबायला जागा नाही. म्हणून जे आधीच घडतंय त्यालाच नवी सवय लोंबकळवू.

पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं, शाळेला कुलूप लावल्यानंतरची दोन मिनिटं. मुलं गेली, कुलूप लावलं, स्कूटीची किल्ली हातात आली की गाडीवर बसा, पण चालू करू नका. डाव्या मनगटावर उजव्या हाताची बोटं ठेवून नाडी शोधा. आता नाकानं श्वास घ्या, चार अंकांपर्यंत. सोडा सहा अंकांपर्यंत, गरम चहावर फुंकर घालताना सोडतो तसा, पण त्याहून हळू. बोटांखाली लक्ष द्या. आत घेताना नाडी किंचित घाईत येते, सोडताना तिच्यातलं अंतर वाढतं. बऱ्याच जणांना हे दुसऱ्या-तिसऱ्या श्वासाला कळतं. श्वास सोडताना व्हेगस नावाची मज्जातंतू हृदयाचा लगाम ओढते, त्याची ती खूण. सुटल्याची घंटा तुम्ही अशी हातानं वाजवू शकता. दहा सेकंदांचा एक, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. दोन मिनिटांत बारा. श्वास रोखायचा नाही, गरगरलं तर थांबायचं.

यात परदेशी काही नाही. इटलीतल्या ल्युचानो बर्नार्दी यांनी २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं की कॅथलिक जपमाळेची प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे हुम्’ हा मंत्र म्हणताना माणसाचा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हृदयाचे ठोके त्याच्याशी लय धरतात. आपल्याकडे स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम उभं करून प्राणायाम प्रयोगशाळेत नेला, तेव्हा या विषयाला आजच्यासारखी बाजारपेठ नव्हती. तुमच्या सासूबाई संध्याकाळी माळ ओढत असतील तर त्यांना हे शास्त्र आधीच अवगत आहे, फक्त त्यांनी त्याची फी घेतली नाही.

चुकलं एखाद्या दिवशी, पाऊस आला, पालक भेटायला आले, तर दुसऱ्या दिवशी करायचं. वहीत खुणा करत बसू नका. माझ्या कपाटात अशा खुणांच्या तीन वह्या आहेत, एकही मार्चच्या पुढे गेलेली नाही.

दुसरं, रात्रीचं टाचण. उद्याच्या पाठाचं टाचण तुम्ही काढताच, तसंच डोक्याचं काढा. झोपण्याआधी पाच मिनिटं, कागदावर, उद्या आणि परवा काय करायचं आहे ते. ‘अहवाल’ एवढंच नको. ‘पोषण आहाराचे बुधवारपर्यंतचे आकडे, मधल्या सुट्टीत’ असं नेमकं लिहा. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात मायकेल स्कलिन यांनी २०१८ मध्ये ५७ तरुणांवर हे करून पाहिलं. झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा राहिलेल्या कामांची यादी लिहिणारे सुमारे नऊ मिनिटं लवकर झोपले, आणि यादी जितकी नेमकी तितकी झोप लवकर. अभ्यास छोटा आहे, वयही तुमच्यापेक्षा कमी, पण कागदाला खर्च काय? तीनला जाग आली तर मोबाईल न उचलता तोच कागद बघायचा. जे डोक्यात घोंगावतंय ते त्यावर असतं, बहुतेक वेळा.

तिसरं अगदी छोटं. परिपाठात तुम्ही मुलांना दोन मिनिटं मौन पाळायला लावता. त्या वेळी तुम्ही काय करता? कोण डोळे उघडतंय, कोण चिमटा काढतंय ते बघता. आठवड्यातून दोन दिवस ती जबाबदारी सहशिक्षकाला द्या आणि स्वतः डोळे मिटा. मनात जे असेल त्याला आईच्या भाषेतलं नाव द्या. घोर, धास्ती, वैताग, लाज, काहीही. भावनेला नेमका शब्द दिला की मेंदूतला भीतीचा भाग, अ‍ॅमिग्डला, जरा निवळतो असं मॅथ्यू लीबरमन यांच्या २००७ च्या प्रयोगात दिसलं. ‘टेन्शन’ हा शब्द मात्र यासाठी फार ढोबळ आहे. चौकशीची धास्ती वेगळी आणि मुलाच्या दहावीचा घोर वेगळा, आणि दोन्हींवरचे इलाजही वेगळे.

आता जे सांगणार आहे त्याला सवय म्हणता येणार नाही, आणि तिथेच मला तुमच्या प्रश्नातली मुख्य गृहीत गोष्ट खटकते. रात्री साडेनऊला ‘तातडीचे’ म्हणून मेसेज येतो, आणि तुम्ही विचारता की माझा मेंदू हे सहन करायला कसा शिकेल. तो शिकेलही. पण सगळं सहन करायला शिकलेला मेंदू कुणाच्या सोयीचा?

एक आठवडा नोंद ठेवा. ११ ग्रुपांवर किती निरोप आले, त्यातल्या कितींना तासाभरात उत्तर देणं खरंच भाग होतं. माझा अंदाज आहे की दुसरा आकडा एका हाताच्या बोटांवर येईल. मग सगळे ग्रुप मूक करा, फोन करणाऱ्याचा आवाज तेवढा चालू ठेवा. ग्रुप उघडायचे तीन वेळा. परिपाठाआधी, मधल्या सुट्टीत, शाळा सुटण्यापूर्वी. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात कॉस्टादिन कुशलेव्ह आणि एलिझाबेथ डन यांनी १२४ जणांना एक आठवडा दिवसातून तीनदाच ईमेल बघायला लावलं, आणि दुसऱ्या आठवड्यात हवं तेव्हा. तीनदाच बघण्याच्या आठवड्यात ताण कमी निघाला. गंमत म्हणजे लोकांना तीनदाच बघणं जड गेलं. तुम्हालाही जाईल. पहिले चार दिवस हात खिशाकडे जाईल.

केंद्रप्रमुखांना आधी कल्पना द्या, तक्रारीच्या सुरात नको. ‘सर, वर्गात शिकवताना फोन बघत नाही, सव्वापाचनंतर खरंच काही तातडीचं असलं तर कॉल करा, मी उचलीन.’ निरोप पाठवायला अंगठा पुरतो, कॉल करायला कारण लागतं. निम्मे तातडीचे विषय तिथेच गळतील. सहशिक्षकाशी वार वाटून घ्या, एक दिवस माहिती तुम्ही भरा, एक दिवस ते. आणि केंद्राच्या शिक्षण परिषदेत हा विषय एकटीनं काढू नका. तीन-चार शाळांच्या बाई आणि सर मिळून तुमच्या आठवड्याच्या आकड्यांसकट काढा. वरिष्ठ ऐकतीलच असं नाही. कदाचित टोमणाही येईल. पण ‘मी कमी पडते’ हे जे तुम्ही एकट्या रात्री तीनला म्हणता, ते तिथे बसलेल्या दहा जणांचंही निघेल, आणि त्यानं बराच फरक पडतो.

घरातही एक वाटणी राहिलीच. दहावीतला मुलगा आहे, म्हणजे त्याला गॅस बंद करता येतो. रात्रीचं दूध त्याच्याकडे.

हे सगळं एकदम सुरू केलंत तर ती त्या कार्यशाळेसारखीच पाचवी मोडलेली सुरुवात होईल. या महिन्यात फक्त कुलुपानंतरची दोन मिनिटं आणि रक्ततपासणी. गजर पावणेपाचवरून सहावर. टाचण पुढच्या महिन्यात, ग्रुपांचं दिवाळीच्या सुट्टीनंतर नव्या सत्रात. दोन-तीन आठवडे सलग उदास वाटत राहिलं, जेवण तुटलं, मुलांवर हात उगारावासा वाटू लागला, तर वाट न बघता जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा. केसपेपर काढताना लाजू नका, त्या रांगेत तुम्हाला तुमच्यासारखी एखादी बाई भेटण्याची शक्यता बरीच आहे.

आणि ज्याचं नाव आठवलं नाही त्या मुलाला सोमवारी सुटल्याची घंटा वाजवायला द्या. त्याला सांगा, जरा लांबव.